‘निकामी’ लॉट: टीजीएफ-बीटा-१ चं एक प्रकरण

प्रकरण सुरू झालं ते तक्रारीच्या एका मसुद्यावरून. फायब्रोसिसवर (अवयवात चट्ट्यासारखे तंतू साचण्याच्या विकारावर) काम करणाऱ्या एका गटानं पुरवठादाराला लिहिलेलं पत्र पाठवण्याआधी मला वाचायला दिलं. मजकूर थोडक्यात असा: मानवी रिकॉम्बिनंट (जनुक दुसऱ्या पेशींत घालून बनवलेल्या) टीजीएफ-बीटा-१ या पेशींना संकेत देणाऱ्या प्रथिनाचा नवा लॉट, म्हणजे उत्पादनाची नवी खेप, निष्क्रिय आहे, जुन्या लॉटला पेशी जो प्रतिसाद देत होत्या तो आता मिळत नाही, माल बदलून द्यावा. सोबत दोन वेस्टर्न ब्लॉट (जेलमध्ये प्रथिनं आकारानं वेगळी करून हवं ते अँटिबॉडीनं दाखवणारी चाचणी) जोडले होते. जुन्या लॉटच्या रांगेत फॉस्फो-स्मॅड-२ ची (पेशीला संकेत पोचल्याची खूण) ठळक पट्टी, नव्याच्या रांगेत जवळपास कोरी जागा. पत्र सभ्य होतं, पुरावा दिसायला भक्कम होता, तरी ते इतक्यात पाठवू नका असं मी सांगितलं. प्रथिन कशात विरघळवलं, कोणत्या ट्यूबमध्ये पातळ केलं आणि पेशींवर पडेपर्यंत ते तिथे किती वेळ होतं, यातलं काहीच त्या पत्रात नव्हतं. टीजीएफ-बीटाच्या बाबतीत एवढी माहिती नसेल तर लॉटविषयी काहीही बोलणं घाईचं ठरतं.

हे प्रथिन मुळात कसं आहे ते सांगितल्याशिवाय पुढचं समजणार नाही. मानवी जनुकावरून आधी ३९० अमिनो आम्लांची लांब साखळी तयार होते. फ्युरिन नावाचं विकर ती कापतं आणि शेवटची ११२ अमिनो आम्लं म्हणजे प्रत्यक्ष संकेत देणारा भाग. अशा दोन साखळ्या डायसल्फाइड बंधानं जोडल्या गेल्या की साधारण २५ किलोडाल्टनचा जोडरेणू होतो. कापलेला पुढचा भाग मात्र निघून जात नाही. तो जोडरेणूला वेढून बसतो आणि त्याचा रिसेप्टरशी संबंध येऊ देत नाही. शरीरात इंटिग्रिनसारखी प्रथिनं हा वेढा सोडवतात. प्रयोगशाळेत तेच काम आम्ल करतं. आज विकत मिळणारं बहुतेक टीजीएफ-बीटा-१ सस्तन प्राण्यांच्या पेशींत, विशेषतः हॅम्स्टरच्या सीएचओ पेशींत, बनवतात. प्रत्येक साखळीत नऊ सिस्टीन असल्यामुळे बंध नेमके जुळावे लागतात. जिवाणूंमध्ये हे प्रथिन बनवलं तर ते उलगडून पुन्हा नीट घडी घालण्याची उठाठेव करावी लागते.

आम्लाशी या प्रथिनाचं नातं जुनं आहे. १९८३ मध्ये रिचर्ड असोइयन, मायकेल स्पॉर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते मानवी प्लेटलेट्समधून शुद्ध केलं, तेव्हा सुरुवातच आम्लयुक्त अल्कोहोलनं झाली होती. १९८५ मध्ये रिक डेरिंक आणि सहकाऱ्यांनी त्याचा सीडीएनए (आरएनएवरून बनवलेली जनुकाची डीएनए प्रत) वाचला आणि रिकॉम्बिनंट उत्पादनाची वाट मोकळी झाली. तेव्हापासून आजपर्यंत उदासीन पीएचला ते नीट विरघळत नाही आणि काच असो वा प्लास्टिक, मिळेल त्या पृष्ठभागाला चिकटतं, ही तक्रार कायम आहे. रेणूचा पाण्याला नकोसा वाटणारा बराच भाग उघडा असतो, त्याचा हा परिणाम.

प्रयोग

गटाचं काम मानवी फुप्फुसातल्या फायब्रोब्लास्ट, म्हणजे संयोजी ऊती बनवणाऱ्या, पेशींवर होतं. टीजीएफ-बीटा-१ पेशीच्या टाइप-२ रिसेप्टरला जोडलं जातं, तो टाइप-१ रिसेप्टरला जवळ ओढतो, टाइप-१ स्मॅड-२ आणि स्मॅड-३ ना फॉस्फेट लावतो, ते स्मॅड-४ ला घेऊन केंद्रकात जातात. हे सगळं अर्ध्या-पाऊण तासात दिसू लागतं. दोन-तीन दिवस गेले की त्याच पेशी मायोफायब्रोब्लास्ट (आकुंचन पावणाऱ्या, चट्टा बनवणाऱ्या पेशी) बनू लागतात आणि त्यांच्यात अल्फा-स्मूथ मसल ॲक्टिनचे जाड धागे भरतात. गट दोन्ही टप्पे मोजत होता. सहा वेलच्या (खळग्यांच्या) प्लेटमध्ये प्रत्येक वेलमध्ये २ मिलिलिटर माध्यम, रात्रभर सिरमशिवाय (रक्तद्रवाशिवाय) उपाशी ठेवलेल्या पेशी, आणि मिलिलिटरला ५ नॅनोग्रॅम टीजीएफ-बीटा. फॉस्फो-स्मॅडचा छोटा प्रयोग पूर्ण सिरमविरहित होता. ॲक्टिनच्या लांब प्रयोगात पेशी तगाव्यात म्हणून ०.५ टक्के सिरम ठेवलं होतं.

नवा लॉट आल्यावर छोटा प्रयोग पूर्ण फसला. लांब प्रयोग मात्र पूर्ण फसला नाही, विस्कटला: एका वेलमध्ये बरा प्रतिसाद, शेजारच्या वेलमध्ये नाममात्र. मला पहिला धागा इथे दिसला. प्रथिन खरोखरच मेलेलं असतं तर दोन्ही प्रयोग सारखेच फसायला हवे होते. गटानं मात्र लांब प्रयोगाचा गोंधळ पेशींच्या नावावर टाकला होता आणि पत्रात त्याचा उल्लेखही केला नव्हता. जुळत नसलेला निकाल बाजूला ठेवणं हा सगळ्यांचाच स्वभाव आहे, पण तपासात सगळ्यात जास्त माहिती बहुधा त्याच निकालात असते.

दोन ब्लॉट वेगवेगळ्या वेळचे होते, म्हणून आधी ती अडचण काढली. फ्रीजरमध्ये जुन्या लॉटचे थोडे ॲलिक्वॉट, म्हणजे वाटून गोठवलेले छोटे भाग, उरले होते. ते आणि नवा लॉट एकाच प्लेटवर, एकाच दिवशी, एकाच जेलवर लावले. जुन्याची पट्टी आली, नव्याची आली नाही. पेशी, अँटिबॉडी, ब्लॉटची रसायनं सगळी संशयातून सुटली, आणि नव्या लॉटवरचा आरोप उलट पक्का झाला.

त्यात भर पडली जेलची. संशोधक विद्यार्थिनीनं सावधपणे विचार केला होता: व्हायलमध्ये, म्हणजे पुरवठादाराच्या कुपीत, प्रथिन आहे तरी का? तिनं नव्या लॉटचं पातळ केलेलं द्रावण घेतलं, त्यात एसडीएसचं सॅम्पल बफर घातलं, उकळलं, रिड्यूस न करता (डायसल्फाइड बंध न तोडता) जेल चालवलं आणि प्रथिन दिसावं म्हणून सिल्व्हर स्टेन केलं. २५ किलोडाल्टनला स्वच्छ पट्टी. म्हणजे प्रथिन आहे, आकार बरोबर आहे, फुटलेलं नाही, तरी काम करत नाही. यावरून तिनं निष्कर्ष काढला की घडी बिघडलेली असणार. तर्कात चूक शोधणं सोपं नव्हतं. खोट होती ती कृतीतल्या एका बारीक पायरीत.

तीन ट्यूब

सॅम्पल बफर कुठे घातलं, असं मी विचारलं. ज्या ट्यूबमध्ये द्रावण पातळ केलं होतं, त्याच ट्यूबमध्ये. एसडीएस हे साबणासारखं रसायन आहे. ट्यूबच्या भिंतीला जे काही चिकटलेलं असेल ते उकळत्या एसडीएसमध्ये सुटून येतं. म्हणजे जेलनं द्रावणातलं आणि भिंतीवरचं प्रथिन एकत्र मोजलं होतं. पेशींना मात्र फक्त द्रावणातलं मिळतं. पिपेटनं भिंत खरवडून कोणी पेशींना देत नाही.

मग तोच जेल वेगळ्या तऱ्हेनं लावला. नव्या लॉटचं प्रथिन नेहमीच्याच पद्धतीनं पीबीएसमध्ये (उदासीन पीएचच्या क्षारद्रावणात) पातळ करून नेहमीइतका वेळ बर्फावर ठेवलं. पहिल्या ट्यूबमध्ये थेट सॅम्पल बफर घातलं, पूर्वीसारखं. दुसऱ्या ट्यूबमधलं सगळं द्रव नव्या ट्यूबमध्ये काढून घेतलं आणि सॅम्पल बफर त्या नव्या ट्यूबमध्ये घातलं. तिसरी ट्यूब म्हणजे दुसरीचीच रिकामी झालेली मूळ ट्यूब. ती पीबीएसनं एकदा हलकेच विसळली आणि तिच्या आत सॅम्पल बफर फिरवून उकळलं.

पहिल्या रांगेत पट्टी ठळक. दुसऱ्या रांगेत, म्हणजे पेशींना प्रत्यक्षात जे मिळत होतं तिथे, पट्टी शोधावी लागत होती. तिसऱ्या रांगेत, जिच्यात डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं त्या रिकाम्या ट्यूबमधून, पहिल्याइतकीच ठळक पट्टी.

लॉट निर्दोष होता. प्रथिन पेशींपर्यंत पोचतच नव्हतं.

हे इतकं टोकाला कसं जाऊ शकतं याचा हिशेब कागदावर मांडला की शंका उरत नाही. प्लास्टिकच्या पृष्ठभागावर प्रथिनाचा एक पूर्ण थर बसायला चौरस सेंटिमीटरमागे साधारण १०० ते ३०० नॅनोग्रॅम प्रथिन लागतं. गटाची मधली पायरी मिलिलिटरला १०० नॅनोग्रॅमची होती. नेहमीच्या छोट्या ट्यूबमध्ये १ मिलिलिटर द्रव ओतलं तर चारेक चौरस सेंटिमीटर भिंत ओली होते. म्हणजे ट्यूबमध्ये प्रथिन एकूण १०० नॅनोग्रॅम आणि भिंतीची भूक निदान ४०० नॅनोग्रॅमची. भिंत सगळं गिळूनही अर्धपोटी राहते. आता त्याच ट्यूबमध्ये मिलिलिटरला १ मिलिग्रॅम बीएसए, म्हणजे गायीच्या रक्तातलं अल्ब्युमिन, असेल तर तिथे १० लाख नॅनोग्रॅम दुसरं प्रथिन आहे. भिंत त्यानंच भरून जाते आणि टीजीएफ-बीटा द्रावणात राहतं. वाहक प्रथिन घालण्यामागचं कारण एवढंच आहे, त्यात गूढ काही नाही.

मग जुना लॉट कसा चालला?

दोन लॉटमध्ये फरक फक्त लॉट नंबरचा आहे, असं सगळे धरून चालले होते. बिलं काढून पाहिली तेव्हा कॅटलॉग नंबरच्या शेवटी वेगळी अक्षरं होती. जुनी व्हायल वाहक प्रथिनासहित होती, नवी वाहकविरहित. वाहकासहित व्हायलमध्ये टीजीएफ-बीटाच्या दर मायक्रोग्रॅममागे साधारण ५० मायक्रोग्रॅम बीएसए आधीच असतं. १० मायक्रोग्रॅमची व्हायल १ मिलिलिटरमध्ये विरघळवली की स्टॉकमध्ये, म्हणजे मूळ तीव्र द्रावणात, न घालताही ०.५ मिलिग्रॅम बीएसए येतं. तेच बीएसए पुढच्या पातळ करण्यातही सोबत जातं. गटाच्या कृतीत बीएसएचा उल्लेख कधीच नव्हता, कारण त्याची गरज व्हायलमधूनच भागत होती.

वाहकविरहित माल का मागवला, याचं कारण अगदी रास्त होतं. गटातल्या एकाला टीजीएफ-बीटाला बायोटिन जोडून रिसेप्टरवर ते कुठे बसतं ते पाहायचं होतं. व्हायलमध्ये पन्नास पट बीएसए असेल तर जवळपास सगळं बायोटिन बीएसएलाच लागणार. म्हणून ऑर्डर बदलली. पण त्या कामासाठी आलेल्या व्हायल रोजच्या प्रयोगाच्या डब्यात गेल्या आणि कृतीचा कागद जुनाच राहिला. ज्यानं ऑर्डर दिली त्याला फरक ठाऊक होता, जी प्रयोग करत होती तिला कोणी सांगितलं नव्हतं.

स्टॉकबाबत मात्र गटाची पद्धत बरी होती. कोरडं प्रथिन ४ मिलिमोलर हायड्रोक्लोरिक आम्लातच विरघळवत होते आणि स्टॉक मिलिलिटरला १० मायक्रोग्रॅमचा होता. आम्लात आणि या तीव्रतेला नुकसान तुलनेनं कमी होतं. घात व्हायचा तो पुढच्या पायरीवर. आम्लातला थेंब पीबीएसमध्ये पडला की पीएच एकदम उदासीन होतो, तीव्रता शंभर पटीनं घटते, वाहक नाही, आणि ट्यूब बर्फावर वाट पाहत उभी. चारही प्रतिकूल गोष्टी एकाच पायरीत.

लांब प्रयोग पूर्ण का फसला नाही, हेही आता उलगडलं. त्यात पातळ करण्याचं काम पीबीएसऐवजी ०.५ टक्के सिरमच्या माध्यमातच होत असे. एवढ्या सिरममधूनही मिलिलिटरला साधारण ०.२ मिलिग्रॅम प्रथिन येतं. ते पूर्ण नाही तरी बरंचसं संरक्षण देतं. माध्यम आधी आणि स्टॉक नंतर, की उलट, ट्यूब लगेच वापरली की प्लेट तयार होईपर्यंत थांबली, अशा किरकोळ बदलांवर निकाल हेलकावे खात होता. वेलांमधला तो ‘गोंधळ’ पेशींचा नव्हता.

खात्री

जेलवरचा पुरावा पुरेसा वाटला तरी पेशींचं मत घ्यायलाच हवं होतं. त्याच नव्या लॉटच्या त्याच स्टॉकमधून दोन पातळ द्रावणं केली: एक पीबीएसमध्ये, दुसरं ४ मिलिमोलर आम्ल आणि मिलिलिटरला १ मिलिग्रॅम बीएसए असलेल्या द्रवात. सोबत न उघडलेली नवी व्हायल थेट आम्ल आणि बीएसएमध्ये विरघळवून तिसरं द्रावण केलं. चौथ्या वेलमध्ये टीजीएफ-बीटाशिवाय फक्त आम्ल आणि बीएसए. ही चौथी वेल टाळू नये, कारण बीएसए गायीच्या रक्तापासून बनतं, रक्तात प्लेटलेट्स असतात आणि प्लेटलेट्समध्ये टीजीएफ-बीटा भरपूर. त्यात गायीच्या आणि माणसाच्या टीजीएफ-बीटा-१ चा कार्यक्षम भाग अमिनो आम्लांच्या क्रमानं तंतोतंत सारखा आहे. बीएसएसोबत त्याचा अंश आला तर पेशी त्याला परका मानणार नाहीत आणि एलायझालाही (अँटिबॉडीनं प्रथिन मोजणाऱ्या चाचणीला) दोन्हींत फरक करता येणार नाही.

पीबीएसचं द्रावण पुन्हा कोरं. त्याच स्टॉकचं बीएसएमधलं द्रावण चांगलं चाललं. नव्या व्हायलचं त्याहून थोडं सरस ठरलं, म्हणजे आम्लातल्या स्टॉकलाही वाहकाशिवाय थोडी झळ बसलीच होती. बीएसएच्या वेलमध्ये पट्टी नाही. तक्रारीचा मसुदा इथे मागे घेतला गेला. व्हायलसोबत आलेल्या पत्रकात वाहकाची सूचना होतीच, असं त्या दिवशी सगळ्यांच्या लक्षात आलं. ती पत्रकं न फाडलेल्या प्लास्टिकच्या पाकिटांत तशीच होती.

इथे थांबता आलं असतं. पण एक प्रश्न मला सोडेना. जुना लॉट इतकी वर्षं चालला म्हणजे त्याचं प्रथिन नीट पोचत होतं, असं म्हणता येईल का?

फॉस्फो-स्मॅड आणि पेशीवाढ रोखण्याच्या चाचण्यांत टीजीएफ-बीटा-१ चा अर्धा परिणाम मिलिलिटरला १ नॅनोग्रॅमच्याही बराच खाली मिळतो. समजा या पेशींसाठी तो ०.२ नॅनोग्रॅमला मिळतो. साध्या बंधनाच्या सूत्रानं पाहिलं तर ५ नॅनोग्रॅमला ९६ टक्के प्रतिसाद येईल. वाटेत निम्मं प्रथिन गळालं आणि २.५ उरलं तर ९३ टक्के. ब्लॉटवर हा फरक कोणाच्या बापाला दिसणार नाही. पाचातले चार भाग गळून १ नॅनोग्रॅम उरला तरी ८३ टक्के. शंभरातला एकच भाग पोचला, तेव्हा कुठे प्रतिसाद २० टक्क्यांवर येतो आणि माणूस ‘लॉट निकामी’ म्हणतो. थोडक्यात, ५ नॅनोग्रॅम ही मात्रा इतकी वरच्या सपाटीवर आहे की मोठी गळतीही तिच्याखाली झाकली जाते. नेहमीची मात्रा म्हणून ती जवळपास सगळीकडे वापरली जाते आणि तिच्या लोकप्रियतेचं एक कारण हेच असावं, असं माझं मत आहे: हाताळणी कशीही असो, ती चालते.

म्हणून एकाच मात्रेऐवजी पूर्ण मालिका लावायला सांगितली: ०.०५ पासून ५ नॅनोग्रॅमपर्यंत, जुना लॉट आणि नवा लॉट, प्रत्येक एकदा पीबीएसच्या वाटेनं आणि एकदा आम्ल-बीएसएच्या वाटेनं. आम्ल-बीएसएच्या वाटेनं दोन्ही लॉटच्या रेषा एकमेकींवर बसल्या. पीबीएसच्या वाटेनं नवा लॉट तळाशी राहिला, आणि जुन्या लॉटची रेषा उजवीकडे सरकलेली दिसली. वरच्या टोकाला ती इतरांना जाऊन मिळत होती, खालच्या मात्रांना मागे पडत होती. बीएसएसहित व्हायलमधलं अल्ब्युमिनही पीबीएसमध्ये शंभर पट पातळ झाल्यावर पुरेसं पडत नव्हतं. गळती आधीपासून होती. नव्या लॉटनं ती फक्त उघडी केली.

पेशींच्या बाजूची भानगड

हाताळणी सुधारल्यावर फॉस्फो-स्मॅडचा प्रश्न मिटला, पण ॲक्टिनच्या प्रयोगात टीजीएफ-बीटा दिलेल्या आणि न दिलेल्या पेशींमधला फरक अजूनही अपेक्षेपेक्षा कमी होता. याचं प्रथिनाशी देणंघेणं नव्हतं. न दिलेल्या पेशींतच ॲक्टिन भरपूर होतं. निरोगी फुप्फुसाचा ताठरपणा काही किलोपास्कलचा असतो, फायब्रोसिस झालेल्याचा त्याच्या कितीतरी पट, आणि कल्चरचं प्लास्टिक तर गिगापास्कलच्या घरातलं. फायब्रोब्लास्ट हा ताठरपणा ओळखतात आणि पॅसेज (पेशी नव्या भांड्यात हलवण्याच्या फेऱ्या) वाढत जातील तसतशा नुसत्या प्लास्टिकवरच मायोफायब्रोब्लास्टकडे झुकतात. गट बऱ्याच पुढच्या पॅसेजच्या पेशी वापरत होता.

टाइप-१ रिसेप्टर रोखणारं एसबी-४३१५४२ हे औषध टीजीएफ-बीटा न दिलेल्या पेशींना दिलं तेव्हा ॲक्टिन काही प्रमाणात उतरलं. म्हणजे पायाभूत पातळीतला एक हिस्सा सिरममधल्या किंवा पेशींनी स्वतःच सोडलेल्या टीजीएफ-बीटाचा होता. उरलेला हिस्सा मी प्लास्टिकच्या आणि पेशींच्या वयाच्या खात्यावर टाकतो. गटानं सुरुवातीच्या पॅसेजच्या पेशी गोठवून त्यांचा साठा केला आणि एका ठरावीक पॅसेजनंतर पेशी टाकून द्यायचं ठरवलं. मऊ जेलवर पेशी वाढवणं जास्त योग्य ठरलं असतं, पण त्यानं सगळ्या जुन्या निकालांशी तुलना तुटली असती, म्हणून तो निर्णय पुढे ढकलला. मला ते पटलं.

कृतीत काय बदललं

नवी कृती मोठी नाही. व्हायल उघडण्याआधी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायची, कारण १० मायक्रोग्रॅम कोरडं प्रथिन डोळ्यांना दिसत नाही आणि झाकणाला चिकटलेलं असू शकतं. गाळलेलं निर्जंतुक आम्ल आणि बीएसए आधी तयार ठेवायचं आणि प्रथिन त्यात विरघळवायचं. प्रथिनाचं द्रावण स्वतः कधीच ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढायचं नाही, नाहीतर ट्यूबची भिंत वाचवून सगळं फिल्टरला दान केल्यासारखं होतं. मधली पायरी त्याच आम्ल-बीएसएमध्ये, मिलिलिटरला १ मायक्रोग्रॅमची, म्हणजे २ मिलिलिटरच्या वेलमध्ये १० मायक्रोलिटर घातलं की ५ नॅनोग्रॅम होतात. स्टॉकमधून थेट १ मायक्रोलिटर घालूनही हिशेब जुळतो, पण १ मायक्रोलिटर पिपेटवर विश्वास ठेवण्याची माझी तयारी नाही. एवढ्या आम्लानं माध्यमाचा पीएच हलत नाही. कंट्रोल वेलमध्येही तेवढंच आम्ल-बीएसए जातं.

ॲलिक्वॉट फार छोटे करायचे नाहीत, हे मी आग्रहानं लिहून घेतलं. दर वेळी ताजा ॲलिक्वॉट वापरायचा म्हणून लोक पाच-पाच मायक्रोलिटरचे थेंब गोठवतात. थेंब जितका छोटा तितका त्याच्या आकारमानाच्या मानाने भिंतीचा संपर्क जास्त. गोठवणं-वितळवणं टाळण्याच्या नादात चिकटण्याचं नुकसान वाढतं. आपोआप बर्फ वितळवणाऱ्या फ्रीजरमध्येही ठेवायचं नाही, कारण तिथलं तापमान सारखं वर-खाली होत राहतं. आणि प्रत्येक नव्या लॉटवर निदान तीन मात्रांची छोटी मालिका, ज्यातली एक मात्रा अर्ध्या परिणामाच्या आसपास असेल. सपाटीवरची एकच मात्रा लॉट तपासायला निरुपयोगी आहे.

बायोटिनचं काम मात्र अडलं. बायोटिन जोडण्याच्या नेहमीच्या रसायनाला प्रथिनाचे अमिनो गट मोकळे लागतात आणि त्यासाठी पीएच सात-आठच्या आसपास हवा. टीजीएफ-बीटाला तोच पीएच सोसत नाही. बीएसए घालायची सोय नाही, कारण बायोटिन त्यालाच लागेल. उरलेले मार्ग म्हणजे प्रथिन शक्य तितकं तीव्र ठेवणं, कमी चिकटणाऱ्या ट्यूब वापरणं, उदासीन पीएचमध्ये कमीत कमी वेळ ठेवणं आणि प्रत्येक टप्प्यावर तीन ट्यूबचाच जेल लावून किती उरलं ते मोजणं. छोट्या प्रमाणावर आधी करून पाहा, असं ठरलं. वाहकविरहित व्हायल आता वेगळ्या डब्यात, वेगळ्या रंगाच्या झाकणांत आहेत.

जुन्या निकालांचं काय करायचं यावर गटात बराच खल झाला. टीजीएफ-बीटा दिलं की प्रतिसाद येतो, एसबी दिलं की जातो, अशा स्वरूपाचे निष्कर्ष जसेच्या तसे राहतात. वाटेत गळती होऊनही प्रतिसाद आला असेल तर तो निष्कर्ष कमजोर होत नाही. पण दोन-तीन आकृत्यांमध्ये वेगवेगळ्या मात्रांची तुलना होती आणि एका ठिकाणी दुसऱ्या प्रयोगशाळेच्या पेशींपेक्षा आपल्या पेशी कमी संवेदनशील आहेत असं म्हटलं होतं. ती संवेदनशीलता पेशींची होती की ट्यूबची, हे जुन्या आकड्यांवरून सांगता येत नाही. ते प्रयोग नव्या कृतीनं पुन्हा लावायला घेतले आहेत आणि ते वाक्य हस्तलिखितातून तूर्त काढून टाकलं आहे.